खोपटातल्या आठ रेघा

अकरा वर्षं मी पायी सहलीला आलेल्या लोकांना त्या द्राक्षमळ्यांतून नेतेय. पहिल्या दिवशी दुपारचं जेवण ठरलेलं: टेकडीवरच्या दगडी खोपटाच्या सावलीत. दाराच्या उजव्या दगडावर एकावर एक आठ रेघा कोरलेल्या आहेत. कुणी विचारलं, की मी सांगायचे, "मेंढपाळानं दिवस मोजलेत." हे मला कुणी सांगितलं, आता आठवत नाही. बहुधा मीच.

त्या सप्टेंबरात ओदील आली. लील शहरातली, जमीनमोजणीतून निवृत्त झालेली. तिनं हातातला पाव बाजूला ठेवला आणि खिशातून टेप काढून रेघा मोजल्या. मग मला म्हणाली,

"सिल्वेत, सगळ्यात खालची रेघ चौऱ्याण्णव सेंटिमीटरवर आहे. वरची एकशे एक्कावन्न. मधे सहा, सात, आठ. एकाच ठिकाणी एकदम चौदा."

"मग?"

"दिवस असे वाढत नाहीत. पोरं वाढतात."

बाकीचे सहाही जण जेवण सोडून रेघांपाशी जमले. मळा कुणाचा, ते मला ठाऊक होतं. खालच्या गावातल्या ओनोरेचा. सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं, म्हणून वाट सोडून आम्ही गावात उतरलो.

ओनोरे अंगणात पिंपं धूत होता. तोडणी आठवड्यावर आली होती.

"त्या रेघा होय? हिच्या आहेत," त्यानं मान न वळवता स्वयंपाकघराकडे बोट केलं. त्याची बायको आंपारो हात पुसत बाहेर आली.

तिचे आईवडील दर तोडणीला स्पेनहून यायचे. आई ओळीत द्राक्षं तोडायची, तेव्हा पोरगी खोपटात. ओनोरेची आई दर वर्षी तिला दाराशी उभी करून छाटणीच्या सुरीनं रेघ मारायची.

"चौथ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत," आंपारो म्हणाली.

"मग नऊ हव्यात," ओदील लगेच म्हणाली.

"एका साली गारपीट झाली. तोडायला काही उरलंच नव्हतं, म्हणून आम्हाला बोलावलं नाही. तेच तुमचं चौदा."

"आणि बारानंतर?"

"तेराव्या वर्षी मीच तोडायला लागले. दाराशी उभं राहायला वेळ कुणाला?" मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "ह्यानं स्वतःच्या रेघा दाखवल्या का?"

"माझ्या नाहीत," ओनोरे पिंपात डोकं घालून म्हणाला.

"डाव्या बाजूला होत्या. आता तिथं रानवेल आहे. लग्नानंतर ह्यानंच लावली. मला वाटायचं, हौस म्हणून."

आंपारो ॲप्रन न काढताच आमच्याबरोबर टेकडी चढली. सगळ्यांनी मिळून वेल बाजूला ओढली. खाली रेघा होत्या, प्रत्येकीशेजारी साल. ओदीलनं मापं घेतली, आंपारोच्या मापांशी जुळवली, पुन्हा एकदा घेतली.

"दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या वर्षी तुम्ही त्यांच्यापेक्षा उंच होतात. बाराव्या वर्षी चांगल्या चार सेंटिमीटरनं."

आंपारो दगडावर बसली आणि बराच वेळ हसत राहिली. "एक्कावन्न वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "हा माणूस मला सांगत आलाय, की तू लहानपणापासून माझ्या खांद्याएवढी."

परत अंगणात आलो तेव्हा ओनोरेनं ओदीलच्या हातातली टेप पाहिली आणि काय ते ओळखलं.

"मी बूट काढून उभा राहायचो," तो म्हणाला. "ही घालून."

"मला तेव्हा बूट होते कुठं?" आंपारो म्हणाली. ती आत गेली आणि आम्हा सगळ्यांसाठी जैतुनाच्या फळांनी भरलेली वाटी घेऊन आली. ओनोरेनं पेले धुतले. त्यालाही हसू येत होतं, पण त्यानं ते मिशीत दाबलं.

पुढच्या गावी पोचायला आम्हाला दोन तास उशीर झाला. खानावळीतली चूल बंद झाली होती. चौकातल्या पायऱ्यांवर पाव आणि चीज खाल्लं. तिथल्या जुन्या चर्चबद्दल मी दरवेळी जे सांगते, ते सांगायला तोंड उघडलं, पण ते मला कुणी सांगितलं हे आठवेना. "दारावरच्या त्या आकृत्या कशाच्या, मला माहीत नाही," मी म्हणाले.

ओदील उठून दाराजवळ गेलीसुद्धा.