दहा टक्क्यांची माणसं

प्राध्यापकांनी पुस्तक काउंटरवर आपटलं नाही, पण ठेवलं असंही म्हणता येणार नाही. ग्रंथालयात मोठ्याने बोलायला बंदी असते, त्यामुळे माणसाला राग असा वस्तूंवर काढावा लागतो.

"पूर्ण झेरॉक्स हवी," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

ग्रंथपालाने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, शेवटच्या पानाचा आकडा पाहिला आणि मागच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. एका वाचकाला एका पुस्तकाचा फक्त दहा टक्के भाग काढून मिळेल, असं पाटीवर होतं.

"दोनशे चाळीस पानं आहेत. तुम्हाला चोवीस मिळतील. कुठली हवीत?"

"वर नाव कोणाचं आहे ते वाचा जरा."

ग्रंथपालाने नाव वाचलं. मग प्राध्यापकांचं ओळखपत्र वाचलं. दोन्ही नावं एकच होती, पण त्याच्यावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. त्याने आतलं पान उलटून एका बारीक ओळीवर नख टेकवलं. सर्व हक्क प्रकाशकाधीन.

"लेखक तुम्हीच आहात, सर. पुस्तक तुमचं नाहीये."

मूर्खांशी बोलण्यात प्राध्यापकांची छत्तीस वर्षं गेली होती, पण इतक्या शांत आवाजाचा मूर्ख त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. प्रकाशन बंद पडून अठरा वर्षं झाली, असं त्यांनी सांगितलं. ज्यांनी ते विकत घेतलं ते पत्राला उत्तर देत नाहीत, हेही सांगितलं. ग्रंथपालाने सगळं ऐकून घेतलं, 'अरेरे' म्हटलं आणि चोवीस पानांचा अर्ज पुढे सरकवला.

गरज मात्र खरी होती. त्यांचा एक जुना विद्यार्थी आता त्यांच्याच विभागाचा प्रमुख झाला होता. म्हणींवर त्याने पुस्तक लिहिलं आणि पहिल्या पानावर आदराच्या दोन ओळी खरडून टपालाने पाठवलं. प्राध्यापकांनी ते उभ्याउभ्याच चाळायला घेतलं, बघू तरी काय दिवे लावलेत म्हणून, आणि चाळिसाव्या पानावर आल्यावर खुर्ची ओढून खाली बसले. तिथे एक वाक्य होतं: 'म्हण पहिल्यांदा बोलणाऱ्याला ती म्हण आहे हे ठाऊक नसतं; तो बिचारा नुसता बोलत असतो.' अख्खं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि ते वाक्य प्राध्यापकांचं होतं. वीस वर्षं त्यांनी ते वर्गात म्हटलं होतं आणि दर वेळी म्हणून झाल्यावर मुलांच्या माना हलेपर्यंत थांबले होते. त्यांच्या पुस्तकातही ते होतं. त्याच आठवड्यात त्यांनी विद्यापीठाच्या समितीकडे वाङ्मयचौर्याची तक्रार ठोकून दिली.

समितीने विद्यार्थ्याची होऊ घातलेली अधिष्ठातापदावरची नेमणूक थांबवली. प्राध्यापकांना कळवलं की मूळ ग्रंथाची संपूर्ण छायाप्रत, उचललेल्या मजकुरावर खुणा करून, पंधरा दिवसांत सादर करावी; न केल्यास तक्रार खोडसाळ समजण्यात येईल. खोडसाळ हा शब्द वाचून त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. घरात पुस्तकाची एकही प्रत नव्हती. घर बदलताना उरलेल्या सातही प्रती बायकोने रद्दीत घातल्या होत्या, कारण ज्या खोक्यावर नाव नाही ते टाकून दे, असं तेच म्हणाले होते.

"निदान ते वाक्य कुठल्या पानावर आहे ते तरी इथे बसून बघून ठेवा," ग्रंथपाल म्हणाला. "वाचायला काही मनाई नाही."

"ते मी लिहिलंय. मला वाचायची गरज नाही."

ग्रंथपालाने अर्जावर शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाला, "एका वाचकाला दहा टक्के, एवढंच पाटीवर आहे. वाचक किती असावेत याबद्दल काही नाही. एक दिवसाचं कार्ड कोणालाही मिळतं."

म्हणजे आणखी नऊ माणसं. प्राध्यापक घरी येऊन कागद घेऊन बसले. हजारो विद्यार्थी हाताखालून गेलेले, नऊ म्हणजे किस झाड की पत्ती. पहिल्याला फोन लावला, तो गावाला गेलेला होता. दुसऱ्याला त्यांचा आवाजच येईना, जरी त्याचा त्यांना स्वच्छ येत होता. तिसऱ्याने विचारलं, "कोण सर?" चौथा फोन त्यांनी लावला नाही. अखेर गाडी नात्यावर आली. नातेवाइकांबद्दल प्राध्यापकांचं मत ते लोक घरी जायला निघाले की जरा बरं होत असे.

तरी रविवारी सगळे जमले. मुलगा आणि सून, मुलगी आणि जावई, धाकटा भाऊ, त्याची बायको, त्यांच्या दोन मुली. प्राध्यापकांची बायको धरून नऊ भरले. प्राध्यापकांनी उभं राहून प्रकरण समजावून सांगितलं आणि चोरीचं वाक्य दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे आपण कशासाठी रांगेत उभे आहोत ते प्रत्येकाला कळावं.

"पण बाबा, एवढं काय त्यात," जावई म्हणाला. "हल्ली सगळेच करतात. मी कालच अख्खा सिनेमा फोनवर उतरवून घेतला."

"त्याला चोरी म्हणतात, जावईबापू. मी विद्वत्तेबद्दल बोलतोय."

सून शाळेत शिकवायची. दुसऱ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका उतरवून वर आपल्या शाळेचं नाव घालण्यात तिचा हातखंडा होता. तिने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

"आमच्याकडे तर रोजचंच आहे, भाऊजी," भावाची बायको म्हणाली. तिला घरात सगळे धाकटी म्हणत. तिचं बाजारात कपडे शिवायचं छोटं दुकान होतं. "बाई फोटो घेऊन येते, अगदी अस्सा शिवा म्हणते. आम्ही शिवतो. गळा मुळात कोणी काढला, कोण विचारतंय."

"गळ्याचं आणि विचाराचं एक नसतं."

"नसेलही," ती म्हणाली.

धाकटीबद्दल प्राध्यापकांचं मत लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात झालं होतं आणि ते बदलण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती ओळीखाली बोट धरून वाचायची, ओठही हलायचे. सत्तावीस वर्षांत तिच्याशी त्यांचं जे बोलणं झालं ते चहा आणि प्रकृती यांच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. पानांची वाटणी करताना त्यांनी तिला शेवटची चोवीस दिली. त्यात अर्धी सूचीच होती, बिघडण्यासारखं काही नव्हतं.

आठवडाभर एकेक जण ग्रंथालयात जाऊन आला. ग्रंथपालाने प्रत्येकाला तोच अर्ज दिला, प्रत्येकाकडे तितक्याच गंभीरपणे पाहिलं. पुढच्या रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर प्राध्यापकांचा स्वतःचा धरून नऊ गठ्ठे ओळीने लागले आणि ते लाल पेन्सिल घेऊन बसले. धाकटी अजून आली नव्हती. बाकीचे आजूबाजूला खुर्च्या ओढून बसले, कारण आपण काहीतरी पकडून आणलंय अशी भावना एव्हाना सगळ्यांच्याच अंगात भरली होती. भावाने तर त्या विद्यार्थ्याचा उल्लेख 'तो चोर' असाच चालवला होता.

प्रास्ताविकात वाक्य नव्हतं. तिथे नसणारच, प्राध्यापक म्हणाले. दुसऱ्या प्रकरणात नव्हतं. तिसऱ्यात एका ठिकाणी पेन्सिल थबकली, पण ते दुसरंच काही निघालं. पाचव्या प्रकरणानंतर जावयाने फोन बाहेर काढला. सातव्यानंतर बायकोने चहा टाकला. प्राध्यापकांना स्वतःचं पुस्तक वाचून तीस वर्षं झाली होती. त्यातली काही वाक्यं इतकी लांब होती की क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर कर्ता कोण होता ते विसरायला होत होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. नववा गठ्ठा संपला तेव्हा त्यांनी मान वर केली.

"उपसंहारात आहे," ते म्हणाले. "चांगलं वाक्य माणूस शेवटासाठी राखून ठेवतो. धाकटीच्या पानांत असणार."

"तिची वाट बघायची म्हणजे झालंच," भाऊ म्हणाला.

धाकटी साडेअकराला आली. पानं तिने कापडाच्या पिशवीतून काढली, पुठ्ठ्यात नीट ठेवलेली, आणि प्राध्यापकांच्या हातात दिली. मग खुर्ची असूनही भिंतीपाशी उभी राहिली.

प्राध्यापकांनी वाचायला सुरुवात केली. दोनशे सतरा, दोनशे अठरा. दोनशे बाविसाव्या पानावर म्हणींच्या उगमाचा विषय निघाला आणि त्यांनी पेन्सिल सरसावली. तिथे लिहिलं होतं: 'म्हणींचे आद्य प्रयोक्ते अज्ञात असल्यामुळे तद्विषयक कोणतेही विधान करणे साहसाचे ठरेल.' त्यांनी ते पुन्हा वाचलं. पुढची पानं वाचली. सूची सुरू झाली, तीही वाचली, 'अ'पासून. मग ते परत दोनशे बावीसवर आले आणि तिथेच बसून राहिले.

आठवलं ते असं अचानक नाही, हळूहळू आठवलं. आधी शाईचा रंग आठवला. निळी शाई, रेघांचे कागद, पुस्तक निघाल्याच्या दुसऱ्या वर्षीचा एक निबंध. तिसऱ्या पानाच्या शेवटी ते वाक्य होतं. त्यांनी त्याखाली लाल रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'कुठून उचललंस?' आता विभागप्रमुख झालेला तोच विद्यार्थी तास संपल्यावर भेटायला आला आणि म्हणाला, सर, मीच लिहिलंय. त्यावर प्राध्यापक 'बरं' म्हणाले होते. समासातलं खोडलं मात्र नव्हतं. त्यानंतर कधीतरी, कोणत्या वर्षी ते आता सांगता येणार नाही, त्यांनी ते वाक्य वर्गात म्हटलं आणि मुलांच्या माना हलल्या.

"सापडलं?" मुलाने विचारलं.

टेबलाभोवती सगळे पुढे वाकले. तेवढ्यात भिंतीपाशी धाकटी म्हणाली, "भाऊजी, माझंच चुकलं. बसमध्ये पुठ्ठा उलटा झाला माझ्याकडून. दोन पानं गेली बहुतेक."

"बहुतेक?" भावाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बघा. सांगितलं होतं ना मी. नऊ जणांनी नीट आणलं. हिला एक काम धड करता येत नाही. चोवीस कागद सांभाळायचे, तेही नाही."

बोलायची ही तऱ्हा भावाची नव्हती. ती त्याने कुठून घेतली ते प्राध्यापकांना ठाऊक होतं. त्यांनी हातातल्या पानांचे आकडे पाहिले. दोनशे सतरापासून दोनशे चाळीसपर्यंत सगळे होते, एकाचाही खाडा नव्हता. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती आणि पिशवीच्या बंदाची गाठ सोडवत होती, जी मुळात बसलेलीच नव्हती.

नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. समितीला ग्रंथ अपूर्ण मिळाला असं कळवता आलं असतं. कोणी खोडसाळ म्हटलं नसतं, आणि त्या माणसाची नेमणूक संशयातच लोंबकळत राहिली असती. दोष धाकटीचा, आणि धाकटीच्या दोषाची घरात सर्वांना सवय होती.

"हिने काही सांडलं नाही," प्राध्यापक भावाला म्हणाले. "चोवीस पानं आहेत. मोजून घे."

"मग वाक्य कुठंय?"

"नाही त्यात."

"पण तुमचंच ना ते?"

"माझं नव्हतं," प्राध्यापक म्हणाले. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली.

मग जावई म्हणाला, "म्हणजे आम्ही सगळे तिथे उगाचच..." आणि सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने वाक्य तिथेच सोडलं. सुनेने सगळ्यांचे कप उचलले. भाऊ गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिथेच थांबला. अर्ध्या तासात मंडळी पांगली, आणि या वेळी ती निघाली म्हणून प्राध्यापकांना बरं वाटलं नाही.

त्यांनी समितीला पत्र लिहायला घेतलं. तक्रार मागे घेत आहे, इथपर्यंत सरळ लिहून झालं. पुढे 'कारण' असा शब्द लिहिला आणि पेन थांबलं. पलीकडे धाकटी सगळे गठ्ठे आकड्यांप्रमाणे एकावर एक लावत होती. टेबल रिकामं करायचं तर कोणीतरी ते करायला हवंच होतं.

"तू वाचलंस हे?" प्राध्यापकांनी विचारलं.

"रांगेत तासभर होते. वाचलं."

"आणि तरीही म्हणालीस की पानं सांडली."

गठ्ठ्याच्या कडा तिने टेबलावर हलक्याने ठोकून सरळ केल्या.

"समजलं का काही?"

हा प्रश्न त्यांनी आयुष्यात हजारो लोकांना विचारला होता आणि उत्तरासाठी कधी थांबले नव्हते. आज ते थांबले.

"खरं सांगू? तुमचं नाही समजलं, भाऊजी," धाकटी म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी वाचून दाखवलंत ना, त्याचं, ते तेवढं समजलं."

प्राध्यापकांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

"हो," ते म्हणाले. "मलाही तेव्हा तेवढंच समजलं होतं."