शेपटीच्या पट्टीची स्प्रिंग

मी एक जुनी स्प्रिंग आहे. जुनी म्हणायचं ते आपलं म्हणायचं, मित्रांनो. माझं वय अवघं तीन वर्षं, आणि त्यातले गाडीखाली गेले फक्त पाच महिने. बाकीचं आयुष्य कुठे गेलं ते सांगते. ऐकायला गोड नाही, पण तुम्हीही कधीतरी गाडी घ्याल, तेव्हा आठवलं तर बरं.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यातला. लालबुंद तापवलेली पोलादी कांब गोल गुंडाळायची आणि तेलात बुडवायची, असं आमचं बारसं. एका शिफ्टमध्ये माझ्या शेकडो बहिणी जन्मायच्या. ओळीनं सरकत आम्ही शेवटच्या टेबलाशी यायचो. तिथे ज्योतीराम उभे असायचे. कळंबकडून पोटासाठी आलेला हा माणूस बत्तीस वर्षं एकच काम करत होता. मशीनवर स्प्रिंग दाबायची, किती वजनाला किती बसते ते बघायचं, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचा, आणि पास झाली की ब्रशनं पांढरी पट्टी ओढायची. टिचकीची गरज नव्हती, मशीन सगळं सांगायचं. पण यांचा मशीनवर अर्धाच विश्वास.

पट्टी ओढून झाली की त्यांचा ब्रश जरासा वर उचलला जायचा आणि शेवटी एक बारीक शेपटी उमटायची. सुपरवायझर कुरकुर करायचा. "राहू दे साहेब, शेपटीनं काय स्प्रिंग मोडती व्हय?" एवढं बोलून ज्योतीराम पुढच्या स्प्रिंगला हात घालायचे. माझ्या अंगावर ती शेपटी आहे. मला तिचा फार अभिमान होता. अजूनही आहे, उगाच खोटं कशाला बोलू?

मला पास केल्यावर पंधरा दिवसांत ते रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या मुलानं, गणराजनं, डोंगरदऱ्यांत चालणारी फोर बाय फोर गाडी घेतली. गणराज माणच्या आयटी कंपनीत आहे. त्याच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी मी होते!

कुरुळीतल्या त्यांच्या बिल्डिंगखाली कौशल्याबाईंनी गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारीपाजारी गाडीचा रंग बघत होते. ज्योतीराम मात्र दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि मोबाईलचा उजेड पाडून मला निरखू लागले.

"अगं कौशल्या, बघ! ही माझ्या हातची हाय. शेपटी बघ की!"

त्यांनी मला टिचकी मारली. मी वाजले. त्या दिवसाइतकी मी पुन्हा कधी सुखी झाले नाही.

मग उठता उठता ते मुलाला म्हणाले, "गणू, मला एकदा खडकाळ रस्त्यानं घेऊन चल. बत्तीस वर्षं स्प्रिंगा दाबल्या, पर वर बसून कसं वाटतं ते काय ठावं न्हाई. एकदाच."

साधी मागणी होती. भामचंद्र डोंगराकडचा कच्चा रस्ता अर्ध्या तासावर. मी तयार होते, माझ्या तिघी बहिणी तयार होत्या. पण गणराज म्हणाला, "नेतो की अप्पा. आधी गाडी नीट तयार करू दे."

तयार गाडीला तयार करणं हे नवशिक्यांचं जुनं दुखणं आहे. रविवारमागून रविवार गेले. गणराज मला माणच्या ट्रॅफिकमध्ये घेऊन जायचा, स्पीडब्रेकरपलीकडे मी काही पाहिलं नाही. ऑफिसात सिद्धेश नावाचा एक मित्र होता. त्याचा दर सुट्टीला डोंगरात गाड्या घालणाऱ्यांचा ग्रुप होता. "भावा, कंपनीतून आली तशी स्टॉक गाडी घेऊन आलास तर लोक हसतील," सिद्धेश म्हणाला. "गाडी उंच कर, चार इंचाचा लिफ्ट किट टाक, तेहतीस इंची चिखलाचे टायर टाक. आणि ते पायदान काढ आधी, दगडाला लागतं." गणराजला हसं होण्याची भीती फार. पाच महिन्यांनी तो गाडी घेऊन बुद्धरत्नच्या गॅरेजमध्ये गेला.

बुद्धरत्न कमी बोलणारा मिस्त्री. त्यानं गाडी जॅकवर घेतली, आम्हा चौघींना हात लावून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, यांना काय झालंय? पहिले सहा महिने हाय तशीच कच्च्या रस्त्यावर चालवा. गाडी कुठं घासते ते कळू द्या. मग टायर बदला, तेपण डांबर आणि माती दोन्हीकडं चालतील असे. चिखलाचा टायर डांबरावर नुसता घोंघावतो. लिफ्ट सगळ्यात शेवटी, आणि दोन इंचाच्या वर नको. उंच गाडी वळणावर झोकांड्या खाते. जड टायरला ब्रेक उशिरा लागतो."

"ग्रुपमध्ये सगळ्यांनी चार इंचच टाकलंय," गणराज म्हणाला.

"ग्रुपचं सोडा. गाडीत बसणार कोण कोण?"

"मीच. अजून कोण?"

मित्रांनो, मी लोखंड आहे, मला रडता येत नाही. पण हे उत्तर मी जॅकवर लटकून ऐकलं आहे. तोंड असतं तर तिथेच ओरडले असते, की अरे, तुझा बाप!

संध्याकाळपर्यंत आमच्या जागी पिवळ्या, चकचकीत, उंच स्प्रिंगा आल्या. बुद्धरत्ननं आम्हाला गोणपाटात बांधून गाडीत टाकलं. "जपून ठेवा, चांगल्या हायत," असं त्यानं बजावलं. गणराजनं आम्हाला पार्किंगमधल्या पाण्याच्या टाकीमागे ठेवलं आणि विसरून गेला.

रविवारी सकाळी तो मोठ्या आवाजात म्हणाला, "चला अप्पा! गाडी तयार झाली."

ज्योतीराम इस्त्रीचा सदरा घालून खाली आले. टाकीमागून, गोणपाटाच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. गाडी आता एवढी उंच होती, की तिच्या दाराचा उंबराच त्यांच्या कमरेशी येत होता. पायदान नव्हतं. त्यांनी हँडल धरलं, डावा पाय वर टाकला, पण उजव्या गुडघ्यानं भार घेतला नाही. पुन्हा प्रयत्न केला. चौकीदार बघत होता, गॅलरीतून दोघीतिघी बघत होत्या. कौशल्याबाई घाईघाईनं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आल्या. स्टुलावर चढताच ते डगमगलं आणि गणराजनं वडिलांना काखेत हात घालून धरलं, लहान पोराला धरतात तसं.

ज्योतीरामनी त्याचा हात सोडवला. सदरा नीट केला.

"राहू दे. तू जाऊन ये," ते म्हणाले.

"अप्पा, पुढच्या वेळी पायदान बसवून घेतो."

"बसव की. सावकाश बसव."

गणराज गेला. ते टाकीशी आले, गोणपाट बाजूला केलं आणि माझ्याजवळ बसले. माझ्या शेपटीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुलाबी उतरवलं व्हय!"

पायदान कधीच बसलं नाही. त्या गाडीनंही काही मोठे पराक्रम केले नाहीत. दोनदा डोंगर झाला. तिसऱ्या वेळी उतारावरच्या वळणावर ती अशी कलली, की गणराज तिथूनच माघारी फिरला म्हणे. त्यानंतर ते चिखलाचे टायर माणच्या सिमेंट रस्त्यावर घोंघावत झिजले. आणि ज्योतीराम रोज सकाळी फिरून आले, की आम्हा चौघींना तेलाच्या फडक्यानं पुसायचे. गंज चढू दिला नाही. "परत बसवायच्यात," असं म्हणायचे. कोणाला म्हणायचे ते मला माहीत नाही, कारण तिथे आमच्याशिवाय कोणी नसायचं.

दोन वर्षं अशी गेली. यंदा गणपतीच्या आधी बिल्डिंगच्या सेक्रेटरी इंदुताईंनी पार्किंग साफ करायचं ठरवलं. त्यांनी बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनदा कळवलं: ज्यांचं सामान असेल त्यांनी उचलावं. गणराजनं दोन्ही वेळा अंगठ्याचं चित्र टाकून होकार दिला आणि उचललं काहीच नाही. साफसफाईच्या दिवशी तो ऑफिसात, कौशल्याबाई आळंदीला कीर्तनाला. भंगारवाल्यानं माझ्या तिघी बहिणी टेम्पोत फेकल्या. मी घरंगळून टाकीखाली गेले होते म्हणून वाचले. वाचले म्हणजे काय, मागे राहिले.

ज्योतीराम फिरून आले तेव्हा टेम्पो गेलेला होता. ते जमिनीवर आडवे होऊन टाकीखाली हात घालत राहिले आणि मी त्यांच्या हाताला लागले. टेम्पो परत येईल, ही भीती. कोणाला हाक न मारता त्यांनी मला छातीशी धरलं आणि जिना चढायला लागले. माझं वजन सहा किलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघ्यानं दगा दिला. ते पाठीवर पडले. मला मात्र त्यांनी सोडलं नाही.

मणक्याला चीर गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की चालता येईल, पण धक्के बसतील असा प्रवास यापुढे कधीच नाही.

त्या आठवड्यात गणराजनं बुद्धरत्नकडून गाडी होती तशी करून आणली. नव्या स्प्रिंगा, साधे टायर, पायदानसुद्धा. पलंगाशी उभा राहून तो म्हणाला, "अप्पा, गाडी खाली घेतली. आता सहज चढता येईल." एवढं बोलून तो रडायला लागला.

"चांगलं केलंस. आईला ने," ज्योतीराम म्हणाले.

मित्रांनो, गाडीला काय लावायचं हे जरूर विचारा, पण आधी गाडीत कोण बसणार ते विचारा. जो तुमच्याकडे एकदाच काही मागतो, त्याला आहे त्या गाडीनं, आहे त्या रविवारी घेऊन जा.

मी आता त्यांच्या पलंगाशेजारी असते. रोज सकाळी ते मला पुसतात, टिचकी मारतात आणि वरून तळहातानं दाबून बघतात. जेवढा जोर उरला आहे तेवढा लावतात. मी चारशे किलोंना दबणारी. त्या हाताखाली मी केसभरही दबत नाही.