काकूंची खुर्ची

पाहणीवाल्या बाईंनी लव्हाळ्याचा झुपका धरून ओढला, तर तो कुंडीसकट हातात आला.

"घ्या. झालं समाधान?" बिल्डरचे मेहुणे म्हणाले. "पाणथळ म्हणे. त्या कुंपणापलीकडच्या काकूंची करामत आहे ही."

बाईंनी कुंडीवरची माती झटकली. जमीन पाणथळ की कोरडी, हे त्यांनी ठरवायचं होतं. कोरडी ठरली की इथे भराव पडणार, बारा मजले उठणार आणि इथलं पाणी उताराने काकूंच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला जाणार. म्हणजे लबाडी करायला काकूंकडे एक कारण होतं. मेहुण्यांकडे बारा होती. शिवाय सगळीकडे लाल मुरूम पसरला होता, नवा कोरा.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून काकू आल्या. काखेत प्लास्टिकची खुर्ची.

"कुंडी माझी नाही हो," त्या बाईंना म्हणाल्या. "हे मेलं गवत दारातून उपटून उपटून माझे हात गेले. ते मी कुंडीत लावू? कुणी उंदीर विकत आणतं का?"

"मग बाकीच्या पाच कुणाच्या?" मेहुण्यांनी विचारलं.

बाईंनी हातातल्या एकुलत्या एक कुंडीकडे पाहिलं. मग मेहुण्यांकडे. मेहुण्यांनी रुमाल काढला.

"म्हणजे, असतीलच ना. एकच कुंडी कोण पुरतं?"

"बसा हो तुम्ही. ऊन लागलंय तुम्हाला," काकू म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ठेवली, जरा विचार केला, उचलली आणि थोडी डावीकडे ठेवली.

मेहुणे बसले आणि सुरू झाले. जमीन कशी ठणठणीत, आजोबांच्या काळात इथे पाण्यासाठी कशी वणवण व्हायची. बोलता बोलता त्यांचं डोकं बाईंच्या खांद्यापासून कोपरापर्यंत खाली आलं, कोपरापासून कमरेपर्यंत. आवाज तेवढा चढाच होता. गुडघे हनुवटीला टेकले तेव्हा ते थांबले.

"हलू नका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टेप काढली.

दोघींनी धरून त्यांना बाहेर काढलं. एक बूट आतच राहिला. खुर्ची उपटली तशी मागे चार भोकं उरली आणि बघता बघता चारही पाण्याने भरली. बाईंनी फोटो काढले. खणायची पहार त्यांनी गाडीतून काढलीच नाही.

"पाणी ओतलंय हिने," मेहुणे एका पायावर उभे राहून म्हणाले.

बाई हात धुवायला काकूंच्या अंगणात गेल्या. तिथे भिंतीशी आणखी तीन खुर्च्या उलट्या वाळत होत्या. तिन्हींचे पाय अर्ध्यापर्यंत राखाडी चिखलाने माखलेले. एकीचा चिखल जुना, तडकलेला, एकीचा अजून ओला.

बाईंनी काकूंकडे पाहिलं.

"येतात हो पाहुणे," काकू म्हणाल्या. त्यांनी चौथी खुर्ची खळखळून धुतली, पदराने पुसली आणि बाईंसमोर ठेवली. "दमलात. टेका जरा."

बाईंनी आधी टाचेने फरशी ठोकून पाहिली.