वारा पडला तो आठवडा

बेटाची वीज सांभाळणाऱ्या लॅकलनने सोलर पॅनेलांवरचं गोठलेलं दहिवर झाडूने झटकलं आणि वर पाहिलं. सूर्याचा पत्ता नव्हता. टेकडीवरच्या चारही पवनचक्क्या आठ दिवसांपासून मख्ख उभ्या होत्या.

बेटावर बाहेरून वीज येत नाही. उन्हाळ्यात ऊन भागवतं, हिवाळ्यात वारा. दोघांनी एकदम दगा द्यावा असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. त्यात जनरेटरच्या डिझेलची बोट धुक्यात अडकलेली. लॅकलनने धक्क्यावरचा लाल दिवा लावला आणि तो दुकानात शिरला. लाल दिवा म्हणजे विजेला हात आखडता घ्या, हे बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आठ-दहा माणसं स्टोव्हभोवती जमली होती.

"तुझी पॅनेलं काय म्हणतायत रे?" एफीआत्याने विचारलं. तिला धाप लागली होती, पण टोमणा चुकला नाही. "ऑक्टोबर ते मार्च भरपगारी रजा!"

"आणि तुझ्या चक्क्या गं? आठवडाभर झोपल्यात."

"वारा रुसतो, पण परत येतो. तुझं ऊन माहेरीच जाऊन बसतं."

सगळे हसले. बेटावरची पहिली चक्की आत्याच्या नवऱ्याने उभी केली होती. वाऱ्याची बाजू ती हयातभर घेत आली होती.

"उद्या सकाळी वारा सुटेल म्हणतात," लॅकलन म्हणाला. "तोवर घरात एकच दिवा. बाकी सगळं बंद. सगळ्यांनी."

म्हणताना त्याची नजर आत्यावरून झरकन सरकली. तिच्याकडे विजेवर चालणारं प्राणवायूचं यंत्र होतं, आणि राखीव सिलिंडर त्या अडकलेल्या बोटीवरच होता. यंत्र चालू ठेवायचं, यात सांगण्यासारखं काय होतं? शिवाय चारचौघांत कुणाच्या दुखण्याचा विषय काढणं बेटावर फार वाईट समजतात. तिला कळतंच की, असं स्वतःला सांगून त्याने तिचं नाव घेतलं नाही. आत्यानेही विचारलं नाही. स्वतःसाठी सूट मागणं तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं असतं. परतताना तिच्याकडे डोकवावं असं त्याच्या मनात होतं, पण अजून अकरा घरी निरोप द्यायचा होता.

सकाळी खरंच वारा सुटला. चक्क्या गरगरू लागल्या तसा लॅकलन हरखून आत्याकडे धावला. तू जिंकलीस, एवढंच त्याला सांगायचं होतं.

आत्या खुर्चीत होती. अंगात दोन कोट, नाकाला नळी तशीच. यंत्राची वायर काढून, नीट गुंडाळून टेबलावर ठेवलेली. त्याने तिचा थंडगार हात धरला आणि लगेच सोडला.

दुकानवाली पेगी दूध घेऊन आली ती दारातच थबकली. तिने यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हे चालू ठेव म्हणून सांगितलं होतंस ना रे तिला?"

लॅकलन वायरचा गुंडाळा सोडवत राहिला.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण ती कुणाचं ऐकते?"

"हट्टीच होती बाई, पहिल्यापासून." पेगीने डोळे पुसले.

दुपारपर्यंत सगळं बेट तेच म्हणत होतं.