‘बाबांचा आवाज’ नावाचा शॉर्टकट

मित्रांनो, मी एक जुना शॉर्टकट आहे. एका सुताराच्या घरातल्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर, खालच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढे चित्र होऊन मी बसलेला असतो. माझ्याखाली नाव लिहिले आहे, ‘बाबांचा आवाज’. आता मला कोणी हात लावत नाही, आणि लावू नये असेच मलाही वाटते.

माझा जन्म घाईत झाला. बाबांच्या घशात गाठ निघाली होती आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावे लागणार होते. पण त्याआधी रोज थोडे थोडे बोलून आवाज साठवला, तर पुढे कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलून दाखवेल, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांची मुलगी परगावी नोकरीला. ती रजा काढून आली आणि तिने सगळी तयारी करून दिली.

लॅपटॉपमध्ये जागा बेताची होती, म्हणून रोजचे रेकॉर्डिंग शेजारी जोडलेल्या डिस्कवर उतरवायचे होते. त्यासाठी तिरप्या रेघा आणि ठिपके असलेली एक लांबलचक आज्ञा टाइप करावी लागे. आई ती बघूनच म्हणाली, “हे मला या जन्मात जमायचं नाही.” मग मुलीने ती आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ठेवली आणि ती चालवायला मला घडवले.

“आई, याच्यावर डबल क्लिक कर. डिस्कवर उतरलं की इथलं पुसून टाक, म्हणजे उद्याला जागा होईल.”

मी पहिल्यांदा कामाला लागलो, तेव्हा काळी विंडो उघडली, तिच्यात पांढरी अक्षरे उमटली आणि कळ दाबेपर्यंत ती तशीच थांबली. आई दचकून मागे सरली.

“ही काळी पाटी बघून माझ्या छातीत धस्स होतं गं. लगेच जाईल असं कर तिला.”

“अगं, काम झालं की नाही ते सांगते ती.”

“तिची भाषा मला कुठे कळतेय? आधीच जिवाला घोर कमी आहे का?”

मुलीला गाडी गाठायची होती. थांबायला सांगणारी ओळ तिने काढून टाकली. तेव्हापासून माझी विंडो पापणी लवते न लवते तोच मिटू लागली, आणि आईचा जीव भांड्यात पडला.

सुरुवातीला बाबा शाळेतल्या मुलासारखे ताठ बसून वाचायचे, “नमस्कार. मला पाणी हवे आहे.” आई हसायची. “घरात कधी बोललात का असं?” मग हळूहळू त्यांची भीड चेपली. त्यांनी बनवलेले पहिले कपाट दारातून बाहेरच निघेना, तो किस्सा त्यांनी रंगवून सांगितला. आईच्या घोरण्याची नक्कल केली. एकदा मात्र ते म्हणाले, “ए ठमे, जेवलीस का? नुसती राबत बसू नकोस.” ठमी म्हणजे त्यांची मुलगी. आई डोळे पुसत माझ्यावर डबल क्लिक करायची आणि म्हणायची, “गुणी आहे हो हे चित्र.” इतके कौतुक पुन्हा कधी माझ्या वाट्याला आले नाही.

पण बाबांची भीड चेपण्याआधीच, दवाखान्याचे कागद छापायला घरात प्रिंटर आला होता. मित्रांनो, कॉम्प्युटर जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतो, आणि आम्ही त्या अक्षरावरून तिचा पत्ता ओळखतो. प्रिंटरला मेमरी कार्डाची खाच होती. जोडाजोडीत डिस्क जरा वेळ काढली गेली, तेवढ्यात त्या खाचेने तिचे अक्षर बळकावले आणि डिस्कला दुसरे मिळाले. माझ्या आज्ञेत मात्र जुनाच पत्ता राहिला. त्या दिवसापासून एक शब्दही डिस्कवर उतरला नाही. ‘जागा सापडली नाही, काही उतरले नाही,’ असे मी रोज स्वच्छ लिहीत होतो, आणि विंडो रोज वाचण्याआधीच मिटत होती. आई “झालं बाई” म्हणायची आणि शिकवल्याप्रमाणे पुसून टाकायची. बाबा शेजारीच बसलेले असायचे. मला ते बघवत नव्हते, पण शॉर्टकटला डोळे मिटता येत नाहीत.

ऑपरेशननंतर मुलगी आली आणि तिने मोठ्या आशेने डिस्क उघडली. आत फक्त सुरुवातीची ताठ वाक्ये होती. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप खरवडून पाहिला, पण पुसलेल्यावर रोज नवे लिहिले गेले होते. त्याच्या हाती लागला तो शेवटच्या दिवसाचा खोकला.

“अगं, मग मी रोज पुसलं ते काय होतं?” आईने विचारले.

“डिस्क खराब निघाली, आई. तुझा काही दोष नाही.”

मुलीचा चेहरा बघून बाबा काय ते समजले. त्यांनी आईचा हात ओढून घेतला आणि त्यांचे ओठ हलले. आईने सवयीने कान त्यांच्या तोंडाशी नेला. तिथे श्वाससुद्धा नव्हता. तो आता गळ्याच्या छिद्रातून ये-जा करतो. तरी ती कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली.

मित्रांनो, माझ्यासारखी चित्रे तुमच्याही स्क्रीनवर असतील. त्यांच्यावर जरूर विसंबा, पण आमची काळी विंडो नकोशी वाटली तरी तिला थांबू द्या, वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. आणि काहीही पुसण्याआधी, जपून ठेवलेले एकदा उघडून ऐका. आईला तेवढे कोणी सांगितले असते, तर ठमीला आज निदान ‘जेवलीस का’ एवढे तरी ऐकू आले असते.