व्हरांड्यातली पुस्तकांची ट्रंक

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. पोचे आलेली, कडी मोडलेली. पण माझी कीव करणार असाल तर राहू द्या. मी रडगाणं गायला नाही, भांडायला आले आहे.

नागपूरच्या एका कारागिरानं मला ठोकून घडवलं. रेल्वेतल्या रविकांतांची बदली मद्रासला झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी जयवंतीबाईंनी माझ्यात भांड्यांऐवजी पुस्तकं भरली. भांडी तिकडेही मिळतील, मराठी पुस्तकं कोण देणार, असं त्यांचं म्हणणं.

पेरांबूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पहिल्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून पुस्तकं ठेवली. मी व्हरांड्यात उघडी होते. बायका कुंकू लावून घेत होत्या, पुस्तक निवडत होत्या. शेजारच्या अन्नपूर्णाबाई मात्र खाली पायरीवर उभ्या होत्या. घराणं तंजावरचं, वय कोवळं आणि नवरा वारलेला. विधवेला अशा समारंभाचं बोलावणं नसे.

“अक्का, कुंकू नको मला,” त्या म्हणाल्या. “एक पुस्तक देशील का?”

जयवंतीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कुंकवाचं ताट आत नेऊन ठेवलं आणि मला खरडत ओढत पायरीपर्यंत आणलं.

“आजपासून इथं हळदीकुंकू बंद. पुस्तकं सगळ्यांना. वाचा, परत आणा, दुसरं न्या.”

काहीजणी नाकं मुरडून निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात त्याच पुस्तक बदलायला हजर! मला भारी मजा वाटली.

ते आमचं वाचनालय. मला रिक्षात घालून जयवंतीबाई आणि अन्नपूर्णाबाई पार टी. नगरपर्यंत फिरल्या. बाळंतिणींना, घराबाहेर पडू न दिलेल्या सुनांना त्यांनी पुस्तकं पोचवली. पुढे पुस्तकं माझ्यात मावेनात, तेव्हा तिथल्या मराठी मंडळानं नुंगंबाक्कमच्या आपल्या हॉलमध्ये कपाटं दिली. मला कोपरा मिळाला आणि माझ्यावर झाडू ठेवू लागले. तेही मी सोसलं.

जयवंतीबाई आता नाहीत. यंदा हॉलला नवा रंग दिला आणि दारावर पितळी पाटी लावली, ‘वाचनालयाचे संस्थापक’. खाली सगळी पुरुषांची नावं. मला भंगारवाल्यासाठी दारात काढून ठेवलं. असा संताप आला!

तेवढ्यात जयवंतीबाईंची नात सुष्मिता म्हाताऱ्या अन्नपूर्णाबाईंना घेऊन आली. त्यांनी पाटी वाचली आणि सरळ माझ्यावर बसल्या.

“आजी, उठा ना,” मंडळाचे चिटणीस विद्याधरराव म्हणाले. “बायकांनी हळदीकुंकू केलं, त्याचं कौतुकच आहे. पण वाचनालय मंडळानं उभारलं.”

“हळदीकुंकू?” अन्नपूर्णाबाईंचा आवाज चढला. “हळदीकुंकवाला मला कोण बोलवत होतं रे? जयवंतीअक्कानं मला बोलावलं, ते वाचनालय होतं. पोदुम! पुरे झालं. काढ ती पाटी.”

विद्याधररावांनी पाटीकडे पाहिलं.

“काका,” सुष्मिता शांतपणे म्हणाली, “स्क्रूड्रायव्हर देताय, की मी आणू?”

पाटी उतरली. नव्या पाटीवर समितीचा विचार चालू आहे म्हणे. चालू द्या. तोवर मी दारातच आहे, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत. मित्रांनो, तुम्हीही तुमच्या वाचनालयात जाऊन विचारा, इथं पहिलं पुस्तक कोणत्या बाईनं आणलं? उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.