पदराला धरू नका

मित्रांनो, जुना तर मी आहेच. माझं गोणपाट जागोजागी विरलंय, पोटातली वाळू गळते आणि डावा हात खांद्यापासून लोंबतो. पण म्हणून माझी कीव करायला आला असाल, तर आल्या पावली परत जा. मी बुडणारा पुतळा आहे. उभं आयुष्य बुडण्यात गेलं, तरी माझी हौस अजून फिटलेली नाही.

मेहकर तालुक्यात, डोणगावच्या थोडं अलीकडे आमचं गाव. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि तिकडे सरहद्दीवर लढाई पेटली होती. संकटात धावून जाणाऱ्या तरुणांची पथकं गावोगावी उभी राहत होती. आमच्या पथकाचा म्होरक्या इंद्रभान. तो तालुक्याला जाऊन शिकून आला आणि येताना डोक्यात एक कल्पना घेऊन आला. खरं संकट यायच्या आधी खोटं संकट उभं करायचं. आग खोटी, बुडणं खोटं, धावणं मात्र खरं. त्यासाठी एक खोटा माणूस हवा होता.

डोणगावच्या बाजारातून ज्वारीचं रिकामं पोतं आलं. गावातल्या कलाबाईने दाभण-सुतळी घेऊन मला हातपाय शिवले, पोटात भुसा आणि नदीची वाळू ठासली. इंद्रभानने मला खांद्यावर टाकून पाहिलं आणि म्हणाला, "वजनाले पक्का मानूस हाय!" जन्मल्या जन्मल्या मिळालेली ती शाबासकी मी अजून विसरलेलो नाही. मग मला धोतर नेसवलं, डोक्याला मुंडासं बांधलं आणि उकंडराव पाटलांच्या विहिरीत ढकलून दिलं.

सारा गाव पाणी भरायचा ती ही विहीर. मी बुडायचो आणि पथकातला कचरू कमरेला दोर बांधून सूर मारायचा. पट्टीचा पोहणारा तो. मला काखेत धरून असा वर आणायचा की काठावरची माणसं टाळ्या पिटायची. पथकाची छाती फुगली आणि खरं सांगायचं तर माझीही फुगली.

एके दिवशी इंद्रभानची बायको मंजुळाबाई काठावर आली. तिच्या हातात एक हिरवं लुगडं होतं. तिने काही न विचारता माझं मुंडासं फेकलं, धोतर सोडलं आणि मला ते लुगडं नेसवलं. टाळ्या थांबल्या. ते लुगडं सगळ्यांनी ओळखलं. तिची जाऊ झुंबरबाई आदल्या वर्षी याच विहिरीत गेली होती. तेव्हा काठावर माणसं नव्हती असं नाही, चांगली दांडगी माणसं होती. पण परक्या बाईला हात कसा लावायचा? म्हणून ती माणसं "घरच्याइले बोलवा, घरच्याइले बोलवा" असं ओरडत काठावरच उभी राहिली. घरचे शेतातून धावत आले, तेव्हा पाणी शांत झालं होतं.

"हे काय करून राह्यली?" इंद्रभान हळूच म्हणाला.

"धोतरवाला तं तुम्ही आंधीपासूनच काढत होते," मंजुळाबाई म्हणाली. "माह्यी जाऊ धोतर नेसत नव्हती."

दयाराम नावाचा पथकातला एक गडी दोन पावलं मागे सरकला. कोणी जमिनीकडे पाहू लागलं, कोणी आभाळाकडे. तेवढ्यात उकंडराव पाटील काठी आपटत आले. "इंद्रभान, तुह्या बायकोले आवर! माह्या विहिरीत लुगडं नेसवलेलं भावलं टाकता? अपशकुन हाय हा!"

मला असा संताप आला म्हणून सांगू! धोतरात बुडालो तर शिक्षण आणि लुगड्यात बुडालो तर अपशकुन? वाळू तीच, भुसा तोच. मला तोंड असतं तर पाटलांना तिथेच सुनावलं असतं. मंजुळाबाईला तोंड होतं, पण ती बोलत बसली नाही. तिने पदर खोचला, मला कवेत उचललं आणि पाटलांच्या देखत विहिरीत फेकून दिलं.

"बाई बुडून राह्यली," ती कचरूला म्हणाली. "काऊन उभा राह्यला?"

कचरूने सूर मारला. माझ्याजवळ आला, हात पुढे केला आणि लाजला. हो, गोणपाटाला लाजला! काखेत हात घालायच्या ऐवजी त्याने माझा पदर धरला आणि ओढू लागला. लुगडं सुटत गेलं, मी खाली जात राहिलो. वर पोचला तेव्हा त्याच्या हातात नुसतं ओलं लुगडं होतं.

मंजुळाबाईने ते पिळलं. "लुगडंच काढलं भाऊ तू," ती म्हणाली. "झुंबर खालीच राह्यली."

कचरूने पुन्हा बुडी मारून मला शोधून आणलं आणि स्वतःच्या हाताने लुगडं नेसवून विहिरीत टाकलं. त्या दिवसापासून पाटील कुरकुरत राहिले आणि मी लुगड्यातच बुडत राहिलो. दयारामही शेवटी उतरला. पदर नाही, अंग धरायचं, हे त्यांच्या हातांत मुरलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी काठावर वाळत पडलो होतो. पाटलांची सून आशाबाई पाणी शेंदत होती. तिचा पाय घसरला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती आत गेली. कचरू जवळच बैलांना पाणी पाजत होता. तो धावला. पाटीलही धावले, पण तोंडातून सवयीचंच निघालं. "थांब! किसनरावले बोलवा, तिच्या मालकाले बोलवा!"

"पाटील, सरका बाजूले!" कचरू ओरडला आणि त्याने उडी टाकली.

मी दगडासारखा पडून होतो. आत काय होतंय ते दिसत नव्हतं. माझ्यात जीव नसतो, पण तेव्हा होता आणि तो टांगणीला लागला होता. मग धावत आलेल्या दयारामने दोर सोडला आणि कचरू वर आला. त्याचे दोन्ही हात आशाबाईच्या काखेत घट्ट होते. पदर कुठेतरी पाण्यात तरंगत होता. तिला कुशीवर वळवलं, तशी ती खोकली. उकंडरावांनी स्वतःचं उपरणं काढून तिच्या अंगावर घातलं आणि ते लहान मुलासारखे रडले.

आठवड्याभराने ते हार-नारळ घेऊन आले. मला हार घातला. म्हणाले, "आता याले पान्यात टाकू नका. माह्या वसरीवर जपून ठेवतो."

इतके दिवस शिव्या खाल्ल्या त्या परवडल्या, पण हा हार नको होता. मला देव करून कोपऱ्यात बसवायला निघाले होते! मंजुळाबाईने हार काढला आणि पाटलांच्याच हातात दिला.

"याले जपलं तं हात इसरतीन, पाटील," ती म्हणाली आणि तिने मला ढकललं.

पडता पडता मी वर पाहिलं. काठावर आशाबाई पदर खोचून उभी होती. "मामंजी, दोर द्या इकडे," ती म्हणत होती. पाटलांनी हार खाली ठेवला आणि दोर तिच्या हातात दिला.

म्हणून सांगतो मित्रांनो, मला जपू नका. फाटलो तर शिवा, गळलो तर वाळू भरा, पण विहिरीत टाका. आणि काढाल तेव्हा पदराला धरू नका.